रिकामी यादी

"मी ते लिहिलेलं नाही," मोठ्या सिस्टर तिसऱ्यांदा म्हणाल्या. "आता चौथ्यांदा सांगणार नाही. तुमचं यंत्र काय म्हणतंय ते तुम्ही बघा."

कंप्युटरबाईंनी खुर्ची पुढे केली. सिस्टर बसल्या नाहीत. डोळ्यांच्या इस्पितळातल्या या तळमजल्यावरच्या खोलीत त्या एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच येत होत्या, आणि तेही दाराच्या आत दोनच पावलं. कंप्युटरबाई नोकरीला लागल्या तेव्हा अख्ख्या इमारतीत एकच कंप्युटर होता. तेव्हाच लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी त्यांना हे नाव देऊन टाकलं. पुढे कंप्युटर सत्तर झाले, बाई एकच राहिल्या. सिस्टरांचं आणि त्यांचं पहिल्याच आठवड्यात वाजलं होतं. "माझी वही मला पुरते," असं सिस्टर म्हणाल्या होत्या आणि "वही हरवते," असं कंप्युटरबाई म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दोघी जिन्यात भेटल्या तर नुसती मान हलवायच्या.

सोमवारी झालं ते असं. मोठ्या सिस्टर पहिल्या टेबलावर बसतात. रुग्णाची नजर तपासायची, डोळ्याचा दाब मोजायचा आणि डॉक्टरांकडे जाण्याआधी डोळ्यात कुठले थेंब घालायचे ते नोंदवायचं, हे त्यांचं काम. नोंद शेजारच्या थेंबांच्या खोलीत पडद्यावर उमटते आणि तिथले काका त्याप्रमाणे थेंब घालतात. सोमवारी एक शिंपी आला. सिस्टरांनी बाजूने टॉर्च मारून पाहिलं आणि त्याच्या डोळ्याची आतली ठेवण त्यांना अरुंद वाटली. असल्या डोळ्यात बाहुली मोठी करणारे थेंब पडले तर दाब एकदम चढतो, नजर जाऊ शकते. म्हणून थेंबांच्या जागी त्यांनी काहीच निवडलं नाही. सिस्टरांची पद्धतच तशी होती, काही निवडलं नाही म्हणजे काही घालायचं नाही. पण काकांच्या पडद्यावर बाहुली मोठी करणारे थेंब उमटले, काकांनी ते घातले, आणि तासाभरात शिंपी डोकं गच्च धरून, उलट्या करत, बाकापाशी खाली बसला.

डॉक्टरांनी धावपळ करून डोळा वाचवला. सिस्टरांना मात्र दुसऱ्या दिवशीच सक्तीच्या रजेवर पाठवलं, कारण नोंद त्यांच्या नावावर होती. गुरुवारी चार वाजता चौकशी समिती बसणार होती. आज बुधवार होता. चौतीस वर्षं लोकांची नजर तपासलेल्या आणि निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या बाईला समितीपुढे उभं राहून स्वतःला नीट दिसतं, हे पटवून द्यायचं होतं.

"वही असती तर तोंडावर टाकली असती त्यांच्या," सिस्टर म्हणाल्या. "तीन आठवड्यांपूर्वी तुम्हीच ती बंद करायला लावलीत."

हे खरं होतं. तीन आठवड्यांपूर्वी नोंदणी काउंटरवरच्या जुन्या कंप्युटरऐवजी प्रयोग म्हणून फक्त सिस्टरांच्या टेबलावर नवा टॅबलेट आला होता, आणि दोन ठिकाणी नोंदी नकोत असा शेरा कंप्युटरबाईंनीच मारला होता.

"बसा तरी."

"बसायला नाही आले. एकच विचारते. तुम्हाला काय वाटतं? माझं बोट चुकलं असेल?"

भिडेखातर गोड बोलणं कंप्युटरबाईंना कधी जमलं नव्हतं. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या चारच्या आत माहीत करून घेते."

सिस्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, रुग्णाकडे पाहतात तसं, आधी उजव्या डोळ्यात, मग डाव्या. "बघा काय होतंय," म्हणाल्या आणि गेल्या.

प्रोग्रॅम कंप्युटरबाईंच्याच हातचा होता. त्यातला थेंबांची नोंद करणारा भाग, ज्याला त्यांच्या धंद्यात मेथड म्हणतात, जेमतेम चौदा ओळींचा. मेथडला एक खिडकी असते असं समजायचं. बाहेरून तीन गोष्टी आत सरकवायच्या, रुग्णाचा क्रमांक, डोळ्याचा दाब आणि थेंबांची यादी. आत दिल्या जाणाऱ्या या गोष्टींना म्हणतात आर्ग्युमेंट. मेथड एक काम आपणहून करायची. रुग्ण मधुमेही असला आणि त्याच्या डोळ्याचा मागचा पडदा तपासायचा असला की बाहुली मोठी करणारे थेंब ती स्वतःच यादीत घालायची. मग यादी काकांच्या पडद्यावर. आणि बाहेरच्याने थेंबांची यादी दिलीच नाही तर? त्याचीही सोय पहिल्या ओळीतच होती. न दिल्यास रिकामी यादी धरावी.

त्यांनी चौदा ओळी वाचल्या. मग पडद्यावर बोट ठेवून वाचल्या. मग दार लावून मोठ्याने वाचल्या. कुठे माशी शिंकली ते कळेना. चाचणीच्या मशीनवर त्यांनी शिंप्याची नोंद जशीच्या तशी करून पाहिली. थेंब काही आले नाहीत. एकोणीस वर्षांची शिस्त अंगात मुरलेली, त्यामुळे प्रोग्रॅम दर वेळी बंद करून, नव्याने सुरू करून, सात वेळा तीच नोंद केली. सातही वेळा यादी रिकामीच.

दुपारी साहेब आले. हे कंप्युटर विभागाचे प्रमुख. चार वर्षांपूर्वी आलेले, वयाने कंप्युटरबाईंपेक्षा अठरा वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही, पण भांडण दिसलं की त्याला दुसऱ्या मजल्यावर काम आठवायचं.

"सात वेळा केलंत ना? मग झालं," साहेब म्हणाले. "प्रोग्रॅम बरोबर आहे. टॅबलेटवाल्यांनीही तपासलंय. सिस्टर वयस्कर आहेत, बोट लागलं असेल. काचेवर लागतं हो."

"लागलं असेल. पण ते आपल्याला माहीत नाही. आपल्याकडे फक्त शेवटची यादी साठवलेली आहे. खिडकीतून आत काय आलं, ते आपण लिहूनच ठेवत नाही. थेंब सिस्टरांनी पाठवले की आत गेल्यावर चिकटले, हे तुम्ही सांगू शकाल? मी नाही सांगू शकत."

"मग काय करायचं म्हणता?"

"उद्या सकाळी खरा प्रोग्रॅम चालू असताना खिडकीत बसायचं आणि आत येणारं प्रत्येक आर्ग्युमेंट बघायचं."

"चालू ओपीडीत? नाही, नाही, बाई. काही बंद पडलं तर चारशे माणसं बाकावर बसलेली असतात. माझी परवानगी नाही." आणि साहेबांना दुसऱ्या मजल्यावर काम आठवलं.

संध्याकाळी घरी कंप्युटरबाई भाजी निवडता निवडता गप्पच होत्या. त्यांचा नवरा शाळेची बस चालवायचा. दिवसभर साठ पोरांचा कलकलाट ऐकून आल्यावर त्याला घरातली शांतता आवडायची, पण बायकोची शांतता वेगळी आणि घरातली वेगळी, एवढा फरक त्याला एकतीस वर्षांत कळायला लागला होता.

"कुणाशी वाजलं?"

"अजून नाही वाजलं. उद्या वाजेल. साहेब नको म्हणालेत ते करणार आहे."

तिने थोडक्यात सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. "म्हणजे बस रस्त्यावर पळत असताना चाक बदलणार तू."

"चाकाला हात नाही लावणार हो. दारात उभी राहून कोण चढतंय, हातात काय घेऊन चढतंय, तेवढं लिहिणार. बस आहे तशीच चालेल."

"आणि त्या सिस्टरचंच बोट चुकलेलं निघालं तर? तुझं काय तिच्याशी फार सख्य नाही."

"निघालं तर तसंही सांगेन. सख्य असतं तर मी उगाच तिच्या बाजूने बोलत बसले असते. आता निदान नीट बघेन तरी."

"पुढच्या महिन्यात तुझी मुदतवाढ आहे," तो म्हणाला. तिचं नियमित वय उलटून वर्ष झालं होतं आणि आता दर वर्षी पत्र यावं लागायचं. तिने पालेभाजीची देठं पिशवीत भरली आणि पिशवीचं तोंड करकचून बांधलं. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

गुरुवारी सकाळी आठ वाजता त्यांनी साहेबांना निरोप लिहिला. 'थेंबांच्या मेथडमध्ये काय आत जातं आणि काय बाहेर येतं, याची नोंद करणारा कोड लावत आहे. मूळ मेथडमध्ये काही बदल नाही. एका ओळीत काढून टाकता येईल. जबाबदारी माझी.' निरोप पाठवला आणि फोन उपडा ठेवला.

ज्या भाषेत हा प्रोग्रॅम लिहिलेला होता ती मोठी मोकळीढाकळी. खिडकीत येणाऱ्याला ती कोण, कुठले, असं विचारत नाही. आकडा द्या, यादी द्या, काहीच देऊ नका, ती घेते. या मोकळेपणापायी कंप्युटरबाईंच्या नाकी नऊ आले होते तसेच त्याच मोकळेपणावर त्यांनी एकोणीस वर्षं निभावूनही नेलं होतं. प्रोग्रॅम चालू असतानाच त्याला थांबवून विचारता येतं, बाबा रे, या घडीला तुझ्या हातात काय आहे? मेथडच्या पुढ्यात एक पहारेकरी उभा करता येतो. तो आलेलं सगळं आधी लिहून घेतो, मग जसंच्या तसं आत सोडतो, आणि आतून बाहेर आलेलंही लिहितो. त्यांनी तो पहारेकरी लिहिला, चाचणीच्या मशीनवर चालवला, दोनदा काढून दोनदा लावून पाहिला आणि मग खऱ्या प्रोग्रॅमवर चढवला. बाकावरची माणसं बाकावरच होती. काही बंद पडलं नाही.

सिस्टरांच्या जागी आज दुसरी नर्स होती, टॅबलेट तोच. ओळी उमटायला लागल्या. पहिला रुग्ण, क्रमांक आला, दाब आला, यादी दिलेली नाही. बाहेर गेलं ते रिकामं. बरोबर. दुसऱ्याला दोन थेंब दिलेले, तेच दोन बाहेर गेले. बरोबर. तिसरा मधुमेही, यादी दिलेली नाही, मेथडने आपणहून बाहुलीचे थेंब घातले. तेही बरोबर. चौथ्याला एक थेंब, एकच बाहेर.

पाचवी एक बाई होती. मधुमेह नाही. दाब जास्त. यादी दिलेली नाही. बाहेर गेलं, बाहुली मोठी करणारे थेंब.

कंप्युटरबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि तशाच अवस्थेत त्यांनी थेंबांच्या खोलीचा नंबर फिरवला. "काका, पाच नंबरच्या बाईंना काही घालू नका."

"पडद्यावर तर आलंय, बाई."

"येऊ दे. बाटली खाली ठेवा. ठेवली? डॉक्टरांना सांगा, नोंद चुकीची आहे, आधी त्यांनी बघावं. आणि नर्सला म्हणावं टॅबलेट बंद कर, सगळ्यांच्या नोंदी जुन्या काउंटरवरून घे. आत्ताच्या आत्ता."

"बाटली ठेवली," काका म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता. सोमवारचा थेंब त्यांच्याच हातून पडला होता.

फोन ठेवल्यावर कंप्युटरबाईंनी हात पदराला पुसले आणि पुन्हा कळफलकावर ठेवले. नर्सने थेंब दिले नव्हते. कुणीच दिले नव्हते. खिडकीतून काहीच आत आलं नाही आणि तरी थेंब बाहेर गेले. म्हणजे ते आतच होते. त्यांनी चालू मेथडलाच सरळ प्रश्न टाकला. कुणी यादी दिली नाही तर तू कुठली यादी धरतेस? दाखव.

उत्तर रिकामं यायला हवं होतं. त्या यादीत एक नोंद होती. तिसऱ्या रुग्णासाठी घातलेले थेंब तिथेच पडून होते.

आता मात्र त्यांना सगळं लख्ख दिसलं. या भाषेत 'न दिल्यास रिकामी यादी' असं पहिल्या ओळीत लिहिलं तर दर वेळी नवी यादी मिळत नाही. प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा एकच यादी तयार होते आणि दिवसभर, ज्यांच्याकडे यादी नाही त्या सगळ्यांना तीच एक हाती दिली जाते. एकाने त्यात काही टाकलं की पुढच्याला ते भरलेलंच मिळतं. पहाटे प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो तेव्हा ती पुन्हा रिकामी. म्हणून तर आदल्या दिवशी सातही वेळा काही सापडलं नव्हतं. त्या स्वतःच दर वेळी इमानेइतबारे नव्याने सुरुवात करत होत्या आणि पुरावा स्वतःच पुसून टाकत होत्या. आणि तीन आठवड्यांत बोंब का झाली नाही? डोळ्यांच्या इस्पितळात जो तो डोळ्यात थेंब घालून, भिंतीला धरून चालत असतो. चार माणसांना जास्तीचे थेंब पडले तर कोण विचारतो?

ही चूक नवशिक्यांची. शिकाऊ लोकांना पहिल्या महिन्यातच सांगून ठेवतात की असं लिहू नका. कंप्युटरबाईंनी स्वतः कितीतरी जणांना हे खडसावून सांगितलं होतं. फाइलच्या डोक्यावर ही ओळ लिहिणाऱ्याची आद्याक्षरं होती आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. आद्याक्षरं त्यांचीच. तेव्हा त्या ही भाषा स्वतःच शिकत होत्या. त्यांनी ती तारीख बराच वेळ पाहिली. शिंप्याची आठवण आली.

अकरा वाजता साहेब धावत आले. येताना रागावलेले होते, पडदा पाहून राग पळाला. "वा! म्हणजे टॅबलेटवाले यादीच पाठवत नाहीत. त्यांच्या अंगाशी येणार हे."

"त्यांचा काय दोष? न दिली तरी चालेल, असं मी त्यांना लिहून दिलंय. जुना काउंटर दर वेळी यादी पाठवायचा, रिकामी का होईना, म्हणून एवढी वर्षं झाकून राहिलं. ओळ माझी आहे, साहेब."

साहेबांनी दार लोटलं आणि खुर्ची ओढून बसले. "बाई, मी तुमच्या भल्याचं सांगतो. अहवालात लिहू, तांत्रिक दोष आणि नोंद घेताना पुरेशी खातरजमा न होणे. दोन्हीकडे थोडं थोडं. सिस्टरांना समज देऊन सोडतील. निवृत्ती आठ महिन्यांवर आहे, कोण बघतंय? तुमचं पत्रही पुढच्या महिन्यात निघायचंय. कशाला एवढ्या खोलात जाता?"

"खातरजमा कशी करायची होती त्यांनी? त्यांच्या टॅबलेटवर रिकामंच दिसत होतं. थेंब दिसत होते ते काकांच्या खोलीत, भिंतीपलीकडे."

"शब्द आहेत हो ते. अहवालात असतात."

"ते शब्द त्यांच्या नावापुढे कायमचे राहतील," कंप्युटरबाई म्हणाल्या. "चारला येते मी वर. समितीला मीच सांगणार."

समितीच्या खोलीत लांबलचक टेबल होतं. पलीकडे मोठे डॉक्टर, मेट्रन आणि कुठल्याशा कायदेशीर सल्ल्यासाठी बोलावलेले एक वकील. अलीकडे मोठ्या सिस्टर, कडक इस्त्रीच्या गणवेशात, रजेवर असूनही. साहेब खिडकीजवळ. कंप्युटरबाईंनी काकांकडून एक स्टीलचा ट्रे आणि कापसाचे चार बोळे मागून आणले होते. कागदावरच्या चौदा ओळी दाखवल्या असत्या तर वकिलांनी पान उलटून मागे काही आहे का तेवढं पाहिलं असतं.

"ही खिडकी समजा," त्या म्हणाल्या आणि टेबलावर बोटाने चौकोन काढला. "जो आपला ट्रे घेऊन येतो, त्याच्या ट्रेमध्ये थेंब ठेवायचे. ज्याच्याकडे ट्रे नाही, त्याला खिडकीतला रिकामा ट्रे द्यायचा. हा नियम मी लिहिला. मला वाटलं होतं की दर वेळी नवा ट्रे निघेल. तसं होत नाही. दिवसभर हा एकच ट्रे आहे." त्यांनी ट्रे मध्ये ठेवला. "सोमवारी सकाळी एक मधुमेही रुग्ण आला. त्याच्याकडे ट्रे नव्हता. त्याला हा दिला आणि यात बाहुलीचे थेंब ठेवले." त्यांनी कापसाचा बोळा ट्रेमध्ये टाकला. "त्याचं काम झालं. ट्रे परत खिडकीत. बोळा काढायचं कुणाला सांगितलेलंच नाही. मग शिंपी आला. सिस्टरांनी टॉर्चने बघून ठरवलं, याला काही घालायचं नाही. म्हणून त्याच्याबरोबर ट्रे पाठवला नाही. त्याला हा मिळाला."

त्यांनी ट्रे वकिलांसमोर सरकवला. वकिलांनी आत पाहिलं.

"हे तुम्ही अंदाजाने सांगताय का?"

"नाही. आज सकाळी खिडकीत बसून पाहिलंय. आत काय आलं, बाहेर काय गेलं, एकेक ओळ वेळेसकट इथे आहे. पाचव्या बाईंचंही तेच होणार होतं. काकांनी बाटली खाली ठेवली म्हणून टळलं."

मेट्रनने कागद ओढून घेतला. वकिलांनी चष्मा वर केला. "म्हणजे तांत्रिक दोष."

"दोष कुणाचा, तेही लिहा. ती ओळ माझी आहे. तारखेसकट आहे. आज दुपारी मी ती बदलली, पण एकोणीस वर्षांपूर्वीच बदलायला हवी होती."

साहेब खिडकीबाहेर पार्किंगमध्ये काहीतरी बघत होते.

"आणि अजून एक वाक्य हवं," कंप्युटरबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता चढला होता आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. "सिस्टरांनी नोंद बरोबर केली होती, एवढंच नको. त्यांनी तो डोळा टेबलावर बसल्या बसल्या टॉर्चने ओळखला होता. ते बरोबर होतं. तेही लिहा."

"खरं आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. "तो डोळा पहिल्या नजरेत ओळखणं सोपं नव्हतं. लिहा तसं."

मोठ्या सिस्टर सरळ बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. फक्त त्यांनी गणवेशाच्या खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, आणि न वापरता पुन्हा घडी करून आत ठेवला.

खोलीतून निघाल्यावर कंप्युटरबाई जिन्याने दुसऱ्या मजल्यावर गेल्या. शिंपी खाटेवर उशीला टेकून बसला होता, डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार झाकणी. डोळा वाचला होता, पण बाजूची थोडी नजर परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. कंप्युटरबाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ट्रे वगैरे काही नाही. मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक होती, त्यामुळे तुमच्या डोळ्यात थेंब पडले, एवढंच.

"म्हणजे त्या टॉर्चवाल्या सिस्टरांची चूक नव्हे?"

"नाही. त्यांनी तुम्हाला वाचवायचं केलं होतं. चूक माझी."

शिंपी बोटाने चादरीची शिवण चाचपत राहिला. "मग आता मी तुमच्यावर रागवायचं?"

"रागवा."

"रागवेन," तो म्हणाला. "आज डोकं दुखतंय. उद्या या."

त्या दुसऱ्या दिवशी गेल्या, आणि तो रागावला. चांगला अर्धा तास, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. कंप्युटरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी त्याला पाणी हवं होतं, ते त्यांनी दिलं. मग घरी येऊन त्या नवऱ्यासमोर मोकळेपणी रडल्या आणि त्यानेही मुदतवाढीचं नाव काढलं नाही.

मोठ्या सिस्टर सोमवारी आपल्या टेबलावर परत बसल्या. टॅबलेट होताच. पण आता त्यांनी एक नवीन रीत सुरू केली होती. ज्याला थेंब नाहीत त्याची नोंद केली की भिंतीपलीकडे हाक मारायची, "रिकामं?" आणि काकांनी पडदा बघून उत्तर द्यायचं. समितीने असं काही सुचवलं नव्हतं. सिस्टरांनी कुणाला विचारलंही नव्हतं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी त्यांनी कंप्युटरबाईंना निरोप धाडला. "एकोणीस वर्षं डोळ्यांच्या इस्पितळात बसताय," त्या म्हणाल्या. "डोळे कधी दाखवलेत?"

"वेळच नाही झाला."

"बसा."

कंप्युटरबाई बसल्या. सिस्टरांनी नजर तपासली, दाब मोजला, बाजूने टॉर्च मारली. दोघींची तोंडं वीतभर अंतरावर होती. "डोळ्याचा मागचा पडदा बघून घेऊ एकदा," सिस्टर म्हणाल्या. टॅबलेट त्यांच्याकडे वळवून, दिसेल असं, बोटाने थेंब निवडले. काकांनी ते घातले. डोळे चुरचुरले. अर्ध्या तासात समोरच्या भिंतीवरची अक्षरं पसरली, खिडकीतला उजेड पांढरा भडक झाला आणि माणसांना कडा राहिल्या नाहीत.

त्या तशाच बाकावर बसल्या असताना कार्यालयातला शिपाई पाकीट घेऊन आला. पोच म्हणून सही हवी होती. त्यांनी कागद उघडला, लांब धरला, जवळ आणला. नुसत्या करड्या रेघा. सिस्टर टेबलावरून उठून आल्या, त्यांनी कागद घेतला आणि रुग्णांना हाक मारायच्या त्यांच्या ठणठणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीवर तो आवाज खाली आला.

"महिनाअखेरीस... आपली सेवा... पुढे चालू ठेवण्याचा विचार नाही." सिस्टर थांबल्या. "मेल्यांना लाज नाही."

"पुढे वाचा."

"पुढे आभार आहेत."

"कारण लिहिलंय?"

"नाही."

"सही कुठे करायची?"

सिस्टरांनी त्यांचा हात हातात घेतला आणि पेनचं टोक रेघेवर टेकवलं. कंप्युटरबाईंनी अंदाजाने, सावकाश सही केली. शिपाई गेला. सिस्टरांना काहीतरी बोलायचं होतं. पण टेबलासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला होता, आणि रुग्णाला ताटकळत ठेवणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी पत्राची घडी करून कंप्युटरबाईंच्या मांडीवर ठेवली, खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि टेबलाकडे गेल्या.

कंप्युटरबाईंना म्हाताऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. टॉर्चचा लहानसा उजेड एकदा उजवीकडून आला, एकदा डावीकडून. मग काचेवर बोट आपटल्याचा बारीक आवाज झाला.

"रिकामं?" सिस्टरांनी भिंतीपलीकडे विचारलं.

काका पडद्यापाशी गेले असावेत. कंप्युटरबाई पत्रावर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिल्या.

"रिकामं आहे, सिस्टर," काका म्हणाले. "सोडा आत."